मोबाइलच्या पलीकडचा माणूस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय लांबचा आहे, चक्क चीनमधल्या म्हाताऱ्यांचा! पण या पानावर येणारे निम्मे जण साठीच्या पुढचे, आणि उरलेल्यांच्या घरी साठीच्या पुढचं कुणी ना कुणी असतंच. तेव्हा वाचालच.

निमित्त भाच्याचं. "मावशी, चीनमध्ये आता मोबाइलवरच्या ॲपने विस्मरण टाळतात, तूही घे." मला असलं काही सांगितलं की मी आधी शोधत बसते, मास्तरकीची खोड. शोधलं. भाच्याचं म्हणणं अगदी खोटं नाही, पण त्यातली महत्त्वाची गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली असं माझं मत झालं.

आधी आकडे, म्हणजे प्रश्न किती मोठा ते कळेल. २०२० च्या जनगणनेत चीनमध्ये साठीच्या वरचे २६ कोटींहून जास्त लोक होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार त्यांतल्या सुमारे दीड कोटींना स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, तो होता. त्यावर हमखास गुण येईल असं औषध नाही. म्हणून सगळा भर आजार लांबवण्यावर.

तो लांबवता येतो का? २०२३ च्या जानेवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चिनी संशोधकांचा एक अभ्यास आला. साठीच्या पुढच्या २९ हजार लोकांवर २००९ पासून दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं. सवयी सहा पाहिल्या: चौरस आहार, व्यायाम, लोकांत मिसळणं, डोकं चालवणं, सिगारेट नाही, दारू नाही. यांतल्या चार किंवा जास्त सवयी असलेल्यांची स्मरणशक्ती बाकीच्यांपेक्षा हळू उतरली. ज्यांच्या रक्तातच या आजाराचा धोका वाढवणारं जनुक आहे त्यांचीसुद्धा! आता नुसत्या निरीक्षणावरून सवयीमुळेच हे झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

गंमत म्हणजे 'डोकं चालवणं' यात वाचन-लेखनाबरोबर पत्ते आणि माजाँगही धरलं होतं. माजाँगला चार जण लागतात. म्हणजे डोकं चाललं, चार माणसं भेटली, आणि कोण हरलं यावर भांडणही झालं. तीच गोष्ट संध्याकाळी तिथल्या चौकाचौकांत निवृत्त बायका लाऊडस्पीकर लावून नाचतात त्याची. शेजारीपाजारी आवाजाने वैतागतात, तक्रारी करतात, तरी त्यांचा नाच चालू! मला तर त्या बायकांचा हेवाच वाटतो. आपल्याकडे सत्तरीची बाई चौकात नाचली तर मुलांना फोन जातील.

आता ॲपकडे येते. बीजिंग आणि ब्रिटन इथे मिळून सुमारे दीड हजार लोकांवर एक रीतसर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. वय ५५ ते ७५, धोका वाढवणाऱ्या गोष्टी, म्हणजे रक्तदाब, वजन वगैरे, असलेले लोक. ॲपमध्ये आपलं ध्येय ठरवायचं, नोंदी करायच्या. धोक्याचं गणित मांडल्यावर फरक दिसला, पण अगदी थोडा. आणि भाच्याच्या नजरेतून सुटली ती गोष्ट अशी, की त्या ॲपच्या पलीकडे एक माणूस होता. प्रशिक्षक म्हणा, सल्लागार म्हणा, तुमच्या नोंदी वाचून उत्तर देणारा जिवंत माणूस. शिवाय ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्यालाच या प्रयोगात प्रवेश!

इथे माझ्यातली शिक्षिका जागी होते. वर सांगितलेल्या २०२० च्या पाहणीत हा आजार कुणात जास्त आढळला? खेड्यातल्या लोकांत, बायकांत, एकट्या राहणाऱ्यांत, आणि ज्यांना शाळा कमी मिळाली त्यांच्यात. १९४९ साली चीनमध्ये दर पाचांतले चार जण निरक्षर होते. पुढे शाळा वाढल्या, तोवर १९६६ आलं. सांस्कृतिक क्रांतीत शाळा बंद पडल्या, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा थेट १९७७ मध्ये परत सुरू झाली. मधल्या काळात दीड कोटीहून अधिक शहरी तरुणांना खेड्यांत शेतीला धाडलं. ती मुलं म्हणजे माझ्याच वयाची मंडळी हो! मी वर्गात बसून धडे गिरवत होते तेव्हा त्यांच्या वर्गांना कुलपं होती. आणि लहानपणी कमी मिळालेलं शिक्षण हे म्हातारपणच्या विस्मरणाचं एक कारण, हे लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालातही आहे. त्यात टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत, सगळी हाताळली तर निम्म्याच्या थोडे कमी रुग्ण टळतील किंवा लांबतील असा अंदाज.

म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, त्याच्या हातात ॲप सर्वांत शेवटी पोचणार. साथीच्या काळात २०२० मध्ये हे तिथे उघड दिसलं. बसमध्ये, बाजारात शिरायला मोबाइलवरचा हिरवा कोड दाखवावा लागे. ज्या म्हाताऱ्यांकडे तसा फोन नव्हता ते दारातच अडकले. शेवटी नोव्हेंबरमध्ये सरकारला फर्मान काढावं लागलं, की फोन न वापरणाऱ्यांसाठी जुने मार्गही चालू ठेवा.

याच्या उलट दुसरा एक प्रयोग, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला. तो मला सर्वांत जास्त आवडला. चीनमधली ३२६ खेडी, चाळिशीच्या पुढचे सुमारे ३४ हजार लोक, सगळ्यांचा रक्तदाब वाढलेला. निम्म्या गावांत गावच्याच डॉक्टरांना, म्हणजे पूर्वीच्या 'अनवाणी डॉक्टरां'च्या वारसांना, एक सोपी रीत शिकवली. गोळ्या स्वस्त किंवा फुकट द्यायच्या, घरी दाब मोजायला शिकवायचं, मीठ कमी करा म्हणून मागे लागायचं. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी आढळला. यात चमकदार असं काहीच नाही, म्हणूनच बहुधा भाच्यापर्यंत ही बातमी पोचली नसावी.

मोबाइलवर माझा राग नाही, गैरसमज नको. बीजिंगमधल्या मुलाने गावाकडच्या आईला रोज विचारावं, दाब किती, गोळी घेतली का, त्याला मोबाइलइतकं सोयीचं दुसरं काही नाही. वर सांगितलेल्या सहा सवयींच्या अभ्यासातही 'लोकांत मिसळणं' यात ऑनलाइन गप्पा धरल्याच होत्या. फक्त विचारणारं कुणीतरी हवं. नुसत्या पावलांच्या आकड्याला आपली काळजी नसते.

जाता जाता, भाषेची बाई असल्यामुळे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिनी भाषेत या आजाराचं जे नाव रूढ आहे त्यातल्या दोन्ही अक्षरांचा अर्थ खुळा, मठ्ठ असा होतो. जपानने अशाच अर्थाचं आपलं नाव २००४ मध्ये बदललं. चीनने २०२४ च्या अखेरीस या आजारासाठी २०३० पर्यंतचा राष्ट्रीय आराखडा काढला, त्याच्या मथळ्यातही तोच जुना शब्द आहे. आता सांगा, आई दोनदा मीठ घालायला लागली तर कुठला मुलगा तिला 'खुळेपणाच्या' तपासणीला चल म्हणेल? आपणही 'म्हातारचळ' आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतोच की. ॲपमध्ये तपासणीची सोय कितीही चांगली असली तरी वरचं नाव वाचून माणूस ते उघडणारच नाही.

आणि ते गावचे डॉक्टर? त्यांची संख्या तिथे वर्षानुवर्षं घटते आहे. जे उरलेत त्यांतले बरेच स्वतःच म्हातारे झालेत, आणि नवी पोरं त्या कामाला यायला तयार नाहीत.