पासपोर्ट बदलला म्हणून माणूस परका होतो का?

रेमो फर्नांडिसचा विषय निघाला, की आमच्या पापाकुरातल्या मराठी मंडळींत कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, तो तर पोर्तुगीज झाला ना! मग कसली पद्मश्री?" गंमत म्हणजे असं म्हणणाऱ्यांच्या घरातही बहुधा न्यूझीलंडचा काळा पासपोर्ट असतोच.

जरा हिशेब मांडू. रेमोचा जन्म १९५३चा, पणजीतला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा हा आठ वर्षांचा. त्या काळात जन्मलेल्या गोवेकरांना पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे तिथलं नागरिकत्व मागता येतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही; एक घेतलं की दुसरं सुटतं. आपलंही तेच झालं. फरक इतकाच, की आपण ओसीआय कार्ड काढलं आणि आपल्याला कुणी जाब विचारला नाही.

आता त्याने केलं काय, ते बघा. मुंबईत जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकला. मग गिटार घेऊन युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली, पण शेवटी परतला तो गोव्यातच, आपल्या शिवोलीत. मुंबईच्या कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा घरीच गाणी रेकॉर्ड केली, वाद्यंही स्वतःच वाजवली. १९८४ची ती 'गोअन क्रेझी' कॅसेट त्याने स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली. 'पॅक दॅट स्मॅक'मधून १९८६मध्ये ड्रग्जविरुद्ध बोलला. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांच्यासमोर गोव्याची गाऱ्हाणी चक्क गाण्यातून मांडली. हे सगळं 'बॉम्बे' सिनेमातल्या 'हम्मा हम्मा'ने तो घराघरात पोचण्याच्या आधीचं. पद्मश्री मिळाली २००७मध्ये.

रॉक संगीत बाहेरून आलेलं, गिटारही बाहेरची. पण त्याने त्यावर गायला तो आपला गोवा. इंग्रजीत गायला, तसा कोकणीतही गायला.

मला वाटतं, नातं मोजायचं ते अशा कामातून. नागरिकत्व बदलण्यामागे प्रत्येकाची कारणं असतात, आपलीही होती. तेव्हा रेमोला नावं ठेवण्याआधी आपण स्वतःलाच विचारू या: गाव सोडल्यापासून गावासाठी आपण काय केलं? गणपतीला व्हिडिओ कॉलवर आरती म्हटली, इतकंच उत्तर येत असेल, तर गावाच्या शाळेला चार पुस्तकं तरी पाठवू या.