वेणीची वीण आणि प्रतीकांचा सोस

लोकरीच्या मोठ्या त्रिकोणी शालीवर पानावेलींच्या वेण्या दिसल्या की समीक्षक प्रतीके शोधू लागतो. आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवरील स्वेटरांचे असेच झाले. हाइन्झ एडगर कीवे यांनी १९६७ साली त्यांच्या विणीला प्राचीन, पवित्र वंशावळ बहाल केली. वास्तविक हे वेणीदार स्वेटर विसाव्या शतकातले. घराण्यागणिक वीण वेगळी आणि बुडालेल्याची ओळख तिच्यावरून, ही दंतकथा तर सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’शी जोडली जाते. परंतु त्या नाटकात नोरा भावाचा मोजा ओळखते ती टाके मोजून: किती घातले, किती गळले हे तिच्या हातांना ठाऊक असते. नक्षीचा तेथे संबंधच नाही!

शालही अशीच वाचावी, असे आम्हांस वाटते. ती बहुधा मानेपाशी मोजक्या टाक्यांनी सुरू होते. दर दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांना आणि मधल्या कण्याच्या दोहों अंगांस एकेक टाका वाढतो. वेणीसाठी काही टाके जादा सुईवर पुढे वा मागे धरून शेजारचे आधी विणायचे. त्याने वीण आवळते, लोकरही अधिक लागते. नवी वेल फुटते ती वाढीव टाक्यांतून. तेवढे जमेपर्यंत विणणारीला थांबावेच लागते. शालीत निसर्ग असलाच तर तो आमच्या मते या वाढीत आहे. ‘निसर्गाचे प्रतीक’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या लेखकाला, आपण शालीची उलट बाजू पाहिली होती काय, एवढेच आम्हांस विचारायचे आहे.