पंधरा हजार तास कोणाचे?

आयर्लंडमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी साडेआठनंतर उगवतो. दिवस दिव्यावरच जातो म्हणा ना. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते: "एलईडी वर्षानुवर्षं चालतो म्हणतात, मग आमचे दोन वर्षांत कसे उडतात?"

तक्रार खरी आहे, आणि त्याचं कारण खोक्यावरच छापलेलं असतं. 15,000 तास म्हणजे रोज आठ तास धरले तर पाच वर्षांहून थोडे जास्त. पण हा आकडा साधारणपणे एवढंच सांगतो, की इतक्या तासांनी निम्म्या दिव्यांचा उजेड मूळच्या 70 टक्क्यांखाली उतरेल. म्हणजे तो चिप मंद होण्याचा हिशेब आहे. बल्ब मात्र बहुतेक वेळा मंद होऊन जात नाही, एका रात्रीत बंद पडतो.

याला जबाबदार बुडातलं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर. 230 व्होल्टच्या एसीचं चिपला मानवेल असं डीसी करणं हे त्याचं काम. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला फार कच्चा. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जुना पिवळा बल्ब आपली उष्णता बाहेर फेकायचा, एलईडीची मात्र बुडातूनच निघावी लागते. बंद काचेच्या शेडमध्ये किंवा इथल्या छतातल्या इन्सुलेशनखाली बसवलेल्या स्पॉटलाइटमध्ये ती जाणार कुठे? शिवाय खर्च वाचवायला थोड्याच चिप घालून त्यांतून जास्त करंट सोडतात. त्या एका माळेत असतात. एक जळली की सगळी माळ विझते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सिस्टिमचा भरवसा तिच्या सर्वांत कच्च्या भागावरून ठरतो. बल्बच्या खोक्यावर मात्र सर्वांत पक्क्या भागाचा आकडा छापतात.

कायदा काय म्हणतो? युरोपीय संघाचे सप्टेंबर 2021 पासूनचे नियम एलईडी दिवा 1,200 वेळा चालू-बंद करून एकूण 3,000 तास पेटवून तपासायला सांगतात. दहापैकी नऊ टिकले पाहिजेत. नियम नसण्यापेक्षा हे बरंच. पण रोजच्या आठ तासांनी 3,000 तास म्हणजे जेमतेम एक वर्ष!

यात कुणाचा कट आहे का? पूर्वी होता. 1924 मध्ये जिनिव्हात मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ करून पिवळ्या बल्बचं आयुष्य 1,000 तासांवर आणलं, जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्याला दंडही ठेवला. आज अशा कराराची गरजच नाही. सर्वांत स्वस्त खोकं उचलायची आपली सवय तेच काम करते.

टिकाऊ बल्ब करता येत नाही असंही नाही. फिलिप्सने 2016 मध्ये दुबई नगरपालिकेबरोबर काढलेल्या दिव्यात जास्त चिप आणि कमी करंट हीच युक्ती होती. आपल्याकडे 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि तीन वर्षांत बिघडल्यास बदलून देण्याची हमी होती. म्हणजे सरकारने मागितली तर हमी मिळते.

मग आपणही मागावी. खोक्यावर चिपचं नव्हे, अख्ख्या बल्बचं आयुष्य छापा आणि तेवढीच लेखी हमी द्या, हा आग्रह ग्राहकांनी धरायला हवा. तोवर पावती जपून ठेवा. आयर्लंडच्या ग्राहक कायद्यात वस्तू वाजवी काळ टिकलीच पाहिजे आणि दाद सहा वर्षांपर्यंत मागता येते. बंद शेडसाठी चालेल असं लिहिलेलाच बल्ब त्यात लावा. गेलेला बल्ब कचऱ्यात न टाकता नवा घेताना दुकानात द्या, तो फुकट घेतात.

आणि गावी आई-बाबा दोघंच राहत असतील, तर त्यांच्यासाठी वीस रुपये वाचवू नका. तिथे व्होल्टेजचे झटके वेगळेच, आणि प्रत्येक उडालेला बल्ब म्हणजे सत्तरीतल्या माणसाने स्टुलावर चढणं. विजेच्या बिलात वाचलेले पैसे त्या एका पडण्यापुढे काहीच नाहीत.