बंब अंगणात, निखारे खोलीत

नागपूरचा उन्हाळा जगजाहीर आहे. थंडीची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. आपली घरे मुख्यतः उन्हाळा ध्यानात ठेवून बांधलेली. युरोपातल्यासारखे, भुशाच्या गोळ्यांवर चालून घरभर ऊब पोहोचवणारे बॉयलर आपल्याकडे नाहीत. त्यांचा दूरचा नातलग शोभावा असा तांब्याचा बंब मात्र होता. मधल्या नळीत ढलप्या जळत, भोवतीचे पाणी तापे. तो बहुधा अंगणात पेटे, हे त्यातले शहाणपण.

शेगडीचे तसे नाही. ती वृद्धांच्या खाटेजवळ ठेवली जाते आणि गार वारा नको म्हणून दारे-खिडक्या लावल्या जातात. धूर सरला, निखारा लाल झाला, की धोका टळला असे आपण मानतो. हा समज प्राणघातक आहे. बिनधुराच्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, भोवळ, गुंगी ही त्याची लक्षणे. पण वय झालेल्या माणसाच्या बाबतीत ती सहज ‘अशक्तपणा’ ठरतात. झोपेत तर तीही कळत नाहीत.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवतो, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. विषबाधा झाली असतानाही तो आकडा चांगलाच दाखवू शकतो. शंका येताच रुग्णाला प्रथम मोकळ्या हवेत न्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खोलीत शेगडी होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कोंदट न्हाणीघरातला गॅस गिझरही याच जातीचा.

मग वृद्धांनी कुडकुडावे काय? मुळीच नाही. उतारवयात शरीराची ऊब राखण्याची शक्ती मंदावते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाणे ही तातडीने उपचार करण्याची अवस्था होय. परंतु खोलीपेक्षा माणूस उबदार ठेवणे सोपे असते. कानटोपी, पायमोजे, अंगावर गोधडी आणि अंगाखालीही एक. विजेचा तेलभरला हीटर परवडत असेल तर उत्तम. मात्र पांघरूण त्याच्यापासून दूर असावे. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच द्यावी. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना चटका जाणवत नाही. त्यांच्या पायांशी ती ठेवूच नये, झोपण्यापूर्वी अंथरूण शेकून काढून घ्यावी.