उत्तेजन की सांत्वन?

चवथीतील माटोळी असो, दिवाळीच्या पूर्वरात्रीचा नरकासुर असो वा भजनाची आणि नाटकाची स्पर्धा असो, निकालाच्या अखेरीस 'उत्तेजनार्थ' ही एक ओळ ठरलेली असते. पहिल्या तिघांची नावे टाळ्यांच्या गजरात पुकारली जातात. या ओळीतील नावे मात्र निवेदक एका दमात वाचून मोकळा होतो.

इंग्रजीत या बक्षिसाला 'कन्सोलेशन प्राइझ' म्हणतात. हरलेल्याच्या पाठीवरून हात फिरविणारा तो शब्द आहे. मराठीने त्याचे 'सांत्वन पारितोषिक' असे शब्दशः भाषांतर केले नाही, यात मोठे शहाणपण आहे. सांत्वन झाल्या गोष्टीबद्दल करावयाचे असते. उत्तेजन पुढे जाणाऱ्यास द्यावयाचे असते. संस्कृतातील 'तिज्' या धातूचा अर्थ धार लावणे. तेज, तीक्ष्ण आणि उत्तेजन हे शब्द त्याच कुळातले. गुणाला धार लावावी, हा या पारितोषिकाचा मूळ हेतू होय.

व्यवहारात हा हेतू कितीसा उरला आहे? कोणी रुसू नये म्हणून अशी बक्षिसे खिरापतीसारखी वाटली जातात. रान तुडवून माटोळीसाठी फळे जमविणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. पण आपण नेमके कोठे कमी पडलो, हे त्याला कोणी सांगत नाही.

राजकारणाने तर या शब्दाची पुरती विटंबना केली आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा आली. चाळीस आमदारांच्या गोव्यात मुख्यमंत्र्यांसह बारांहून अधिक मंत्री होऊ शकत नाहीत. मग उरलेल्यांपैकी नाराजांची समजूत महामंडळाच्या अध्यक्षपदाने काढली जाते आणि लोक हसून म्हणतात, "उत्तेजनार्थ मिळाले!" येथे ना स्पर्धा, ना परीक्षक, आणि बक्षिसाचा भार मात्र जनतेच्या तिजोरीवर. यातून धार लागत नाही, तोंड तेवढे बंद होते.

राजकारण्यांना शब्दाचा अर्थ शिकविणे आमच्या हाती नाही. स्पर्धांच्या आयोजकांना मात्र एक सुचवावेसे वाटते. उत्तेजनार्थ पारितोषिके मोजकीच ठेवावीत आणि प्रत्येकासोबत परीक्षकांचा चार ओळींचा अभिप्राय द्यावा. खेड्यातील एखाद्या होतकरू नटाला वा भजनी मंडळाला तो अभिप्राय पुढील वर्षभर वाट दाखवील. पारितोषिकाच्या नावाचे सार्थक होईल ते तेव्हाच.