टाका नाही, म्हणून धोका नाही?

आपल्याकडे 'नस' हा शब्द फार उदार आहे. पायात गोळा आला की नस चढली, कंबर धरली की नस दबली, हातावर निळी रेघ दिसली की तीही नसच! स्नायू, रक्तवाहिनी आणि चेतातंतू, तिघेही या एका शब्दात नांदतात. त्यामुळे 'नसांच्या दुखण्यावर लेसर, ऑपरेशन नको' अशी पाटी दिसली की ती प्रत्येकाला आपल्यासाठीच वाटते.

आमच्या जांभूळमधल्या एका काकांना तसंच वाटलं. मधुमेह जुना. रात्री तळपायांची आग, मुंग्या. गोळीने गुंगी येते, ही त्यांची तक्रार खरीच आहे. प्रिगॅबॅलिनसारख्या औषधांनी तसं होतं. मग सुई नाही, टाका नाही, नुसता उजेड... वाईट काय त्यात?

लेसर म्हणजे बुवाबाजी नव्हे, हे आधीच सांगतो. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांनी मंद लेसर उंदरांवर वापरला, तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. तिथून हा अभ्यास वाढला. कॅन्सरच्या उपचारांत तोंड सोलवटतं, ते टाळायला असा प्रकाश आज वापरतात. पण मधुमेहाने बिघडलेल्या नसांचं काय? २००८ साली 'डायबिटीस केअर' या नियतकालिकात ६९ रुग्णांची चाचणी छापून आली. यंत्र लेसरचं नव्हतं, त्याच्याच भाऊबंदातलं, अवरक्त प्रकाशाचं होतं. काहींना खरं यंत्र दिलं, काहींना नकली. ९० दिवसांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. लेसरच्या काही छोट्या चाचण्यांत वेदना कमी झालेली दिसते, पण तेवढ्यावर पैज लावावी असं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की चिरफाड नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. पाय बधिर असेल तर जास्त ताकदीच्या लेसरने भाजलेलंही कळत नाही. त्याहून मोठा धोका वेळेचा. दहा-बारा बैठकांसाठी अंबरनाथ-उल्हासनगरच्या खेपा, बुडालेले रोज, आणि तोवर साखर तपासलीच नाही, तर नस झिजतच राहते. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही अशाच मुंग्या येतात. रक्त तपासलं की ते कळतं, भरूनही काढता येतं. आणि कंबरदुखीत पाऊल लुळं पडलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं.

लेसर घ्यायचाच असेल तर घ्या. फक्त आधी विचारा : माझ्या दुखण्याचं नाव काय? किती बैठकांत फरक पडला नाही तर थांबायचं? चालू औषधं परस्पर बंद करायला सांगितली, तर सरळ उठून या. आणि मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय आरशात बघत जा. न दुखणारी जखम तिथेच लपलेली असते.