गोदाकाठची धुई आणि स्लोकमचे घड्याळ

गेल्या हिवाळ्यात परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्रवासवर्णनावर चर्चासत्र झाले. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने जोशुआ स्लोकम या खलाशाच्या ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ (१९००) या पुस्तकातील आरंभीच्या प्रकरणांवर निबंध वाचला. अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला: यात आपल्या मातीतले काय आहे? सभागृह हसले. आम्हीही तिथे होतो आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे लिहीत आहोत. उशीर झाला आहे, हे मान्य.

मुळात तिने निवडलेला भाग कोणता? स्लोकम २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून निघाला. जवळ ‘स्प्रे’ नावाची जेमतेम सदतीस फुटांची शिडाची होडी. जुन्या सांगाड्यावरून त्याने ती स्वतःच्या हातांनी नव्याने बांधलेली. जगप्रदक्षिणेला निघालेला हा माणूस थेट महासागरात शिरत नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस चढत तो नोव्हा स्कोशियाकडे, फंडीच्या आखातातल्या ब्रायर बेटावर जातो. तिथे त्याचे बालपण गेलेले. बाप कोळ्यांसाठी बूट शिवायचा, आणि वयाच्या दहाव्या वर्षी पोराची शाळा सुटून तेच काम त्याच्या हाती आले. तो किनारा दाट धुक्याचा. आखात असे की भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी सोळा मीटरपर्यंत जातो. यारमथ बंदरात तो एक पत्र्याचे घड्याळ विकत घेतो. किंमत दीड डॉलर. पण तबकडी फुटकी म्हणून दुकानदार एका डॉलरला देतो. या घड्याळाच्या भरवशावर गडी पृथ्वीला वळसा घालून १८९८ च्या जूनमध्ये परततो.

जमीन मागे पडल्यावर धुके उतरते आणि एकटेपणा अंगावर येतो. बोलण्याची सवय मोडून वाचा जाईल या धास्तीने तो मोठ्याने हुकूम देऊ लागतो. सुकाणूपाशी नसलेल्या माणसाला होडीची दिशा विचारतो. उत्तर येत नाही, तेव्हा एकटेपणा अधिकच टोचतो. मग तो गाऊ लागतो.

आता मातीचा प्रश्न. बूट शिवणाऱ्याचा मुलगा, दहाव्या वर्षी सुटलेली शाळा, हाताने बांधलेली होडी, आणि मोठ्या जगात निघण्याआधी गावाकडे टाकलेली चक्कर. परभणीच्या वर्गात बसलेल्या मुलामुलींना यातले नेमके काय परके वाटावे? त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारे ते पहिलेच असतात. नेमाड्यांच्या देशीवादाशी आमचे भांडण नाही. त्याचा परीक्षेपुरता जो सारांश करून ठेवला आहे, त्याच्याशी आहे. या सारांशात माती म्हणजे विषयांची यादी: दुष्काळ, वारी, ऊसतोड, गोदाकाठ. यादीत असेल ते आपले, नसेल ते उसने. आमच्या जिल्ह्यातून समुद्र सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे, म्हणून तो यादीत नाही. पण यादी करणाऱ्यांनी गोदावरीकडे तरी नीट पाहावे. त्र्यंबकला उगम पावते तेव्हा अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरवर असतो. त्याला पाठ दाखवून ही बाई पाथरी, सोनपेठ, गंगाखेडवरून वाहत, एकूण १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. जनाबाईच्या गावाचे पाणीही शेवटी खारेच होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मराठी समीक्षेला समुद्र चालतो, पण तो कशाचे तरी प्रतीक म्हणून. सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावरून सागराला जाब विचारला, तो मातृभूमीसाठी. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाच्या शीर्षकातच धुके आहे, पण वाचक त्यातून ताऱ्याकडे घाईने जातो. टिळकांनी तर १९०३ मध्ये आर्यांचे मूलस्थान थेट उत्तर ध्रुवाजवळ नेले. तो उत्तरेचा प्रदेश वेदांतल्या ऋचांमधून पाहिलेला, आणि ग्रंथही इंग्रजीत. या थोरांना आम्ही उणे लेखत नाही. त्यांना होडी चालवायची नव्हती, एवढेच. आमची तक्रार आहे ती प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांविषयी. ‘सौंदर्यदृष्टी’, ‘संस्कृतिदर्शन’, ‘आत्मशोध’ या तीन खणांत पुस्तक बसवले की त्यांचे काम संपते. वारा कुठून होता, खोली किती, माणूस झोपला कधी, हे प्रश्न त्यांना साहित्यबाह्य वाटतात. स्लोकमचे सगळे गद्य मात्र या प्रश्नांवर उभे आहे.

हे परदेशापुरतेही नाही. १९ ऑगस्ट २००९ रोजी दिलीप दोंदे मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली, नाव तिथल्या नदीचे. दोंदे यांचे पुस्तक आले ते इंग्रजीत. त्यांच्यानंतर कुठेही न थांबता प्रदक्षिणा केलेल्या अभिलाष टॉमी यांनी आपल्या सफरीवर मल्याळममध्ये लिहिले. या फरकाचे खापर आम्ही दोंदे यांच्यावर फोडणार नाही. ज्या भाषेच्या वर्गांत अशा पुस्तकाला ‘आपले काय?’ असे विचारले जाते, त्या भाषेत कोणी ते का लिहावे?

आणि शब्द नाहीत, ही सबबही खोटी आहे. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, तांडेल, मचवा, गलबत, उधाण, भांग: किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आणि खारव्यांनी ही भाषा वापरून झिजवली आहे, आणि मोल्सवर्थच्या कोशात त्यातली बरीच सापडेल. आमच्या वर्गांत ती पोहोचली नाही, कारण तिला साहित्याची भाषा मानलेच गेले नाही.

आता त्या सभागृहातली उरलेली हकिकत, जी सांगायला आम्हाला लाज वाटते. त्या मुलीने आपल्या निबंधात स्लोकमच्या धुक्याला सर्वत्र ‘धुई’ म्हटले होते. तिच्या घरी तुरीचे शेत आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत धुई पडली की फूल गळते आणि बाप पहाटे बांधावर जाऊन नुसता उभा राहतो, हे तिने निबंधात लिहिले होते. काहीही न दिसणाऱ्या पहाटे माणूस काय करतो, हे ती त्या बांधावर शिकली आणि मग स्लोकमकडे गेली. निबंधातला सर्वांत चांगला परिच्छेद तोच. अध्यक्षांनी तेवढाच अडवला आणि सांगितले की प्रमाण शब्द ‘धुके’ आहे, निबंधात बोलीतले शब्द टाळावेत. मातीचा प्रश्न त्यांनी यानंतर पाच मिनिटांनी विचारला.

त्या मुलीने पुढे लघुप्रबंधाचा विषय बदलला. तिला दोष देता येत नाही. गुण ज्यांच्या हाती, त्यांची यादीही त्यांच्याच हाती. निबंध मात्र आम्ही तिच्याकडून मागून घेतला आहे आणि स्लोकमचे ते दोन परिच्छेद तिच्यासह मराठीत आणायला बसलो आहोत. धुई आहे तशी ठेवली आहे. वारा वाढल्यावर शीड गुंडाळून लहान करतात त्या क्रियेपाशी अडलो आहोत. कोकणातल्या कोणा वाचकाला तिथला चालता शब्द ठाऊक असेल, तर त्याने तो जरूर कळवावा.